घाडीकाकांची राहिलेली परीक्षा

खलिफा सिटीत आमच्या मराठी मंडळाचा गणपती बसतो तेव्हा दरवर्षी एखादं नवं कुटुंब आलेलं असतं. आरती झाली की प्रसादाचा द्रोण हातात धरून त्यातला गृहस्थ मला गाठतो. "तुम्ही म्हणे स्कीइंग शिकवायचात? शिकलात कुठे, स्वित्झर्लंडला?" मी म्हणतो, "ऑस्ट्रियन ट्रेनर होता." यात खोटं काही नाही. मग तो पुढे काही विचारायच्या आत बायको म्हणते, "हे फार कमी बोलतात हो." कमी बोलण्याचा हा मोठा फायदा. लोक त्याला सभ्यपणा समजतात.

मी कमी बोलतो त्याचं कारण सभ्यपणा नव्हे. दुबईतल्या एका मॉलच्या पोटात, बर्फाच्या उताराशेजारच्या खोलीत, मला एका माणसासाठी एक वाक्य बोलायचं होतं आणि मी ते बोललो नाही. ते वाक्य अडकल्यापासून पुढची बरीचशी अडकली. आज सगळं लिहून टाकतो. त्या माणसाचं नाव चंद्रकांत घाडी. गाव कणकवलीच्या अलीकडे.

मंदी आली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट करून ज्या हॉटेलच्या रिसेप्शनसाठी दुबईला आलो, ते हॉटेल उघडायच्या आधीच बंद झालं. लग्न ठरलेलं. सासरेबुवांचा दर रविवारी फोन, "काय म्हणतेय नोकरी?" अशात कळलं, की एका मॉलमधल्या बर्फाच्या उतारावर माणसं घेतायत. बारा जण घेणार, तीन महिने शिकवणार, शेवटी परीक्षा. त्यातले सहा ठेवणार, सहांचा व्हिसा रद्द. बाहेर चाळीस डिग्री, आत बर्फ, आणि बर्फावर आम्ही बारा: फिलिपिनो, नेपाळी, केनियाचे, दोन मराठी.

दुसरे मराठी म्हणजे घाडीकाका. वय एकेचाळीस, काठीसारखे सडसडीत, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. आधी एका टॉवरच्या साइटवर परांचीचे फोरमन होते. "एकतिसाव्या मजल्यार टॉवर थांबलो," ते सांगायचे, "वरसून आमका सांगल्यानी, उतरा. उतरलंव. मगे सांगल्यानी, आता ह्या देशातूनच उतरा. म्हटलं, थांबा जरा."

हा माणूस स्कीइंगच्या बॅचमध्ये शिरला कसा, हे पहिल्याच दिवशी कळलं. आमचा ट्रेनर योहान, ऑस्ट्रियाचा, सहा फूट तीन इंच, पिकल्या टोमॅटोच्या रंगाचा, हातात आमचे फॉर्म घेऊन उभा होता. एका फॉर्मवर त्याचे डोळे थांबले आणि चेहरा उजळला.

"मिस्टर घाडी! सिक्स इयर्स एक्स्पीरियन्स विथ आइस! वंडरफुल! व्हॉट काइंड ऑफ आइस?"

"फिश आइस, सर," घाडीकाका म्हणाले.

मालवणला ते सहा वर्षं बर्फाच्या कारखान्यात होते. ट्रॉलरवरच्या बांगड्यांना बर्फ पुरवायचा. फॉर्मवर त्यांनी शब्दही खोटा लिहिला नव्हता. योहान म्हणाला, "वेल. इट इज कोल्ड, अॅटलीस्ट." त्याला वाटलं विषय संपला. पण घाडीकाका खाली वाकले, चिमूटभर बर्फ जिभेवर ठेवला आणि मला मराठीत म्हणाले, "हो बरफ मासळीक चलाचो नाय. भुसभुशीत आसा."

मी त्यांना काका म्हणालो ते त्यांना आवडलं नाही. "काका कोणाक म्हणतंस मेल्या? पडलंव तर दोघांची हाडां सारखीच मोडतली." तरी मी काकाच म्हणत राहिलो, आणि बघता बघता रोमेल नावाचा फिलिपिनो, नेपाळी टेकबहादूर, सगळेच "काका" म्हणू लागले. टेकबहादूरबद्दल एक सांगायलाच हवं. नेपाळी म्हणून योहानने त्याला पहिल्याच आठवड्यात सगळ्यात वरच्या टोकाला नेऊन उभं केलं. "यू आर अॅट होम!" टेकबहादूर तराईतला, जनकपूरकडचा. त्यानेही आयुष्यात बर्फ बघितला होता तो फक्त सरबतात. तो खाली आला तो बसूनच.

योहान शिकवत होता त्या पहिल्या पवित्र्याचं इंग्रजी नाव होतं 'स्नो प्लाऊ'. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे वेग कमी होतो. "प्लाऊ म्हणजे नांगर ना?" घाडीकाकांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. ते विचारात पडले. "मगे बैल खंय?" मी म्हटलं, बैल नाहीत, आपणच. "अरे, नांगराक पाठसून धरतत. हो नांगर पायात घालून पुढे धावता. उलटो देश." पण नांगर त्यांना पहिल्या फटक्यात जमला. अडचण कमरेची होती. योहान ओरडायचा, "बेंड युवर नीज! नीज!" आणि घाडीकाका कमरेतून वाकायचे, भाताची लावणी लावतात तसे, नाक थेट बर्फाला. "व्हॉट आर यू लुकिंग फॉर?" योहान किंचाळायचा. "नथिंग सर," ते खाली बघूनच म्हणायचे, "हॅबिट."

आता गाऱ्हाण्याबद्दल. कोकणात कुठलंही काम काढायचं तर आधी देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. घाडीकाकांच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. मान म्हणजे गंमत नव्हे, ती जबाबदारी. गावात कोणाची म्हैस अडली तरी घाड्याला उठवतात.

दुसऱ्या आठवड्यात आम्हाला पहिल्यांदा चेअरलिफ्टने वर नेलं. खाली बघून बाराही जणांचे चेहरे एका रंगाचे झाले, केनियाच्या ग्रेसचासुद्धा. तेव्हा घाडीकाकांनी काठ्या बगलेत मारल्या, हातमोजे काढले, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजाऽऽ! आज ह्या परदेशात, ह्या मॉलाच्या पोटात, तुझी बारा लेकरां पायाक फळये बांधून उभी आसत. तेंका सांभाळ म्हाराजा!"

ऐकणाऱ्यांत मी एकटाच मराठी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुण्याचा मुलगा मी. खाली काचेमागे लोक कॉफी पीत बघत होते. घाडीकाकांनी माझ्याकडे डोळे वटारले. मी पुटपुटलो, "होय महाराजा."

"ह्या रोमेलाच्या घुडग्यात बळ दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा रोमेल. स्वतःचं नाव ऐकू आल्यावर तो गप्प बसणारा नव्हता.

"जो कोण ऑस्ट्रियाचो योहान सकाळपासून वराडता, तेच्या जिभेर साखर ठेय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अकराही जण. आवाज छपराला लागून परत आला. योहानने विचारलं, मी 'सेफ्टी ब्रीफिंग' असं सांगितलं. त्याला ते इतकं आवडलं, की त्या दिवसापासून तो स्वतःच घड्याळ बघून म्हणायचा, "काका, ब्रीफिंग, यल्ला!" यल्ला म्हणजे अरबीत 'चला'. कोणी पडलं तर घाडीकाका तपास करायचे. "टेकबहादूर, तू व्हय म्हणालंस काय रे? ओठ हलले, आवाज इलो नाय. पडतलंसच."

एका गोष्टीची त्यांना कायम रुखरुख होती. गाऱ्हाणं झालं की नारळ फोडायचा असतो, इथे तो राहत होता. त्यांनी रीतसर अर्ज केला. मॅनेजर डेरेक, इंग्रज माणूस, इस्त्री केल्यासारखा. त्याने लेखी उत्तर दिलं, उतारावर कोणतंही फळ नेण्यास मनाई आहे. घाडीकाकांनी पुन्हा अर्ज केला: नारळ हे फळ नसून श्रीफळ आहे. माझ्याकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं. पुन्हा नाही आलं. "बरा," ते म्हणाले, "साहेबाचा राज्य आसा. देव समजून घेतलो."

शुक्रवार सुट्टीचा. आमची कंपनीची खोली अल कुझच्या कामगारवस्तीत, आठ जण, दुमजली पलंग. शुक्रवारी घाडीकाका सकाळीच मासे आणायचे आणि दुपारपर्यंत त्यांच्या आमटीच्या वासाने अख्खा मजला दाराशी यायचा. पण जेवण फुकट नसे, आधी सराव. मासळीच्या खोक्यांच्या फळ्या, नायलॉनची दोरी, आणि कॉरिडॉरमध्ये दोन बादल्या साबणाचं पाणी. कमरेला लुंगी, पायाला फळ्या, असे आम्ही एकामागून एक कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत जायचो आणि घाडीकाका मोरीच्या दाराशी उभे राहून योहानचा आवाज काढायचे, "नीज! नीज!" एकदा तक्रार आली म्हणून कॅम्पबॉस, म्हणजे त्या वस्तीचा मुकादम, तणतणत जिना चढून आला. "ये क्या तमाशा है, खलास करो!" असं म्हणत त्याने पहिलं पाऊल टाकलं आणि तो बोलता बोलता आमच्यासमोरून मोरीकडे निघून गेला. घाडीकाकांनी त्याला दोन्ही हातांनी झेलला. त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "बॉस, तुमचो तोल बरो आसा. फक्त घुडगे वाकवा." तो माणूस जेवूनच गेला.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल, पण घाडीकाकांना ती परीक्षा पास व्हायची होती. फक्त व्हिसासाठी नव्हे. त्यांनी घरी फोटो पाठवला होता, लाल जाकीट, डोळ्यांवर तो मोठा चष्मा, पायात स्की. मग त्यांच्या पत्नीचा, वहिनींचा, फोन आला. ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे, खोलीत लपवण्यासारखं काही नसायचंच.

"वेल्डिंगच्या कामार लागलास काय?" वहिनींनी विचारलं.

"वेल्डिंग नाय गो. बरफात घसराचा काम."

"खंय?"

"दुबयत."

मग अगदी हळू, "तुमी पिल्यात काय?"

गावात फोटो हातोहात फिरला. कोणी म्हणालं स्टुडिओतला आहे, कोणी म्हणालं काश्मीरला पळून गेलाय. दुबईत बर्फ आणि त्यावर घाड्याचा चंदू ही गोष्ट गावाला पटणारी नव्हती. शेवटी देवळात बैठक बसली, तेव्हा गावकऱ्यांनी निकाल दिला, 'सर्टिफिकेट येवंदे, मगे बघू.' ज्याच्या शब्दावर गाव देवाकडे मागणं मागतो, त्याचाच शब्द गाव खरा मानत नव्हता. "माका पास होवकच व्हया," एवढंच ते म्हणाले आणि भांडी घासायला गेले.

आता माझी गोष्ट. परीक्षेच्या आठवडाभर आधी, एका रविवारी, योहानने मला बाजूला घेतलं. "यू आर नंबर सेव्हन," तो म्हणाला. सहा ठेवणार, मी सातवा. सहावे घाडीकाका. त्याच रविवारी सासऱ्यांनी फोनवर सांगितलं, हॉल बुक केलाय.

शुक्रवारी मी बसने बर दुबईला गेलो. देवळाच्या गल्लीत, फुलांच्या दुकानात नारळ मिळतो. घाडीकाकांना आदल्या दिवशी सहज विचारलं होतं, चांगला नारळ कसा ओळखायचा. त्यांनी सांगितलं, कानाशी हलवून बघ, पाणी बोलता काय ऐक. मी हलवून, ऐकून घेतला. वाटेत स्वतःला समजावत होतो की हा आमटीसाठी आहे. मी, ज्याला गाऱ्हाण्याची लाज वाटायची.

परीक्षेच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी आत शिरलो. नवा बर्फ पाडण्यासाठी रात्री तिथलं तापमान आणखी खाली नेतात, पहाटे ते उणे सहा-सात असतं. माळ्यावर चढल्यासारखा मी बाजूच्या जिन्याने टोकाला गेलो. चेअरलिफ्टवरून उतरायची जागा असते, तिथल्या लोखंडी खांबावर नारळ आपटला. तिसऱ्या फटक्यात फुटला. पाणी बरंचसं खाली सांडलं. तोंडातून एक शब्द निघाला नाही. कोणी ऐकेल ही भीती. दोन्ही वाट्या जाकिटाच्या दोन खिशांत कोंबल्या आणि खाली आलो. एक तुकडा प्रसाद म्हणून खाल्लासुद्धा.

अर्ध्या तासाने डेरेक पाहणीला वर गेला. साधे बूट, हातात कॉफी, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी. आम्ही बारा जण खाली ओळीत उभे. नारळाच्या पाण्याची तोवर काच झाली होती. डेरेकने तिच्यावर पाय ठेवला आणि मग तो आमच्याकडे यायला निघाला. आधी उभा, मग बसून, मग उताणा, पाय पुढे. सगळा उतार. मधल्या वळणावर तो आपोआप वळला, हे योहाननेही नंतर मान्य केलं. वॉकीटॉकी शेवटपर्यंत सोडला नाही. माझ्या शेजारी योहानच्या कमरेच्या यंत्रातून त्याचा आवाज येत होता, "स्लोप सुपरवायझर, कम इन, आय अॅम कमिंग डाऊन, ओव्हर." आणि तो आमच्या पायांशी येऊन थांबला. रोमेलने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं प्रात्यक्षिक आहे.

मनगट मुरगळलं होतं, आणखी काही नाही. पण वर करवंटीची एक कपची सापडली.

ट्रेनिंग रूममध्ये आम्हाला उभं केलं. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत ती कपची. डेरेकचा हात गळ्यात बांधलेला. "हू इज रिस्पॉन्सिबल फॉर धिस कोकोनट?" दहा माना घाडीकाकांकडे वळल्या. कोणाला अडकवायचं म्हणून नव्हे. त्या इमारतीत नारळ म्हटलं की दुसरं कोण आठवणार? फाइलीत त्यांचे दोन अर्ज होते.

घाडीकाका माझ्या शेजारी होते. मी दोन्ही हात खिशांवर दाबून उभा, डाव्या खिशातून पाणी ठिबकत होतं. त्यांनी माझा डावा खिसा पाहिला. उजवा पाहिला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. किती वेळ, ते मला अजून मोजता येत नाही. वाक्य अगदी छोटं होतं: सर, मी फोडला. तीन शब्द.

"सर," घाडीकाका म्हणाले, "कोकोनट माय डिपार्टमेंट."

सगळे हसले. डेरेक सोडून. मीसुद्धा हसलो. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. व्हिसा रद्द, दुपारी जाकीट जमा. लॉकर रूममध्ये आम्ही दोघंच होतो. ते लाल जाकिटाची घडी घालत होते, इस्त्रीची असावी तशी. भिंतीकडे बघून म्हणाले, "जेनी कोणी फोडल्यान, तेनी मुको फोडल्यान. गाऱ्हाणा नाय, काय नाय. देवाक कळतला कसा, कोणाक सांभाळूचा आणि कोणाक ढकलूचा? देवान आपल्या हिशोबान ढकलल्यान." आणि थांबले. आता बोल, अशी ती जागा होती. मी खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधत बसलो. स्कीच्या बुटांना नाड्या नसतात.

संध्याकाळी यादी लागली. सहावं नाव माझं.

ते खोली सोडून गेले त्या दुपारी सगळे खाली बसपर्यंत गेले. मी ड्यूटी आहे म्हणून निरोप पाठवला. ड्यूटी नव्हती. फूड कोर्टात एका खांबाआड बसलो होतो, पुढ्यात थंड झालेली कॉफी. नंतर रोमेलने सांगितलं, महिन्याच्या आत त्यांना रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात काम मिळालं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

मग लग्न झालं. प्रमोशन झालं. मुलगी झाली, ती चार वर्षांची होऊन मला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली. आधी व्हिसाच्या भीतीने गप्प होतो, मग संसाराच्या, आणि पुढे पुढे तर फक्त इतके दिवस गप्प राहिलो याच्या लाजेने. योहान मायदेशी गेला, परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडे आलं. दर बॅचला मी सहा-सात जणांना नापास करायचो आणि घरी जाऊन जेवायचो नाही. बायको म्हणायची, "एवढं मनाला काय लावून घेता?"

एका शुक्रवारी गाडी काढली आणि रास अल खैमाला गेलो. कारखान्याच्या आवारात उन्हात शेकडो पांढरे कमोड रांगेने मांडलेले आणि त्यांच्यामधून घाडीकाका चालले होते, हातात छोटी लाकडी हातोडी. एकेका कमोडवर टक् करायचे, कान द्यायचे, पुढे जायचे. मिशी पांढरी झाली होती.

"इलंस?" ते म्हणाले. जणू मी पाव आणायला गेलो होतो. "ऐक, ऐक ह्या." टक्. "ह्या गाता." पुढचा, टक्. "ह्या ओरडता. म्हणजे आत तडो गेलोहा. दिसाचो नाय तुका. मशीन आणलेली हेंनी, पण मशीनीक सूर खंय कळता?"

"काका, मला एक सांगायचंय."

"आधी चाय पी." चहा झाला. "काका, तो—" "झील काय चेडू?" मुलगी, मी म्हटलं. "बरा. नाव काय?" नाव सांगितलं. तिसऱ्यांदा मी थांबलोच नाही. कमोडांच्या रांगेत उभा राहून सांगून टाकलं. नारळ मी फोडला. वाट्या माझ्या खिशात होत्या. आणि बसपाशी आलो नाही तेव्हा मला ड्यूटी नव्हती.

त्यांनी एका कमोडवर टक् केलं.

"नारळाचा माका ठावक आसा. खिसो गळत होतो तुझो. तेचो राग नाय माका. नारळ फोडूक तू भियान गेलंस, भियान माणूस कायव करता." पुढच्यावर टक्. "ड्यूटी नाय होती, ह्या मात्र माका ठावक नव्हता. मी बसवाल्याक धा मिनिटां थांबवन ठेवलंय. तू येतलंस म्हणान."

कारखान्याचा भोंगा वाजला.

"गावात काय म्हणतात?" कसंबसं मी विचारलं.

"काय म्हणतले? अजून म्हणतत, घाड्यान थाप मारल्यान." ते हसले. "माझी परीक्षा ऱ्हवली मगे. तू आता परीक्षक ना? रोमेलान सांगल्यान. घी तर."

पुढच्या शुक्रवारी सकाळी, लोक आत यायच्या आधी, मी त्यांना उतारावर घेऊन गेलो. कोणालाही न विचारता. नोकरीत पहिल्यांदा मी नियम मोडत होतो. लाल जाकीट घातल्यावर त्यांनी आधी गुडघे वाकवून बघितले. वय सेहेचाळीस, पाच वर्षं पायाला स्की लागलेली नाही. मी खाली फॉर्म घेऊन उभा राहिलो. तोच जुना फॉर्म, सहा निशाणं, सहा चौकटी. सहाही निशाणांना न पडता वळसा घालून खालच्या रेषेपर्यंत आलं की पास.

ते निघाले. गुडघे वाकलेले, कंबर सरळ, योहानने डोळे पुसले असते. पहिलं निशाण, दुसरं. तिसऱ्याला जरा रुंद वळले, पण वळले. चौथं मी बॅचला दाखवावं असं. मी लिहायचंही विसरलो. पाचवं. मनात मी सर्टिफिकेटवर सही करून ते कणकवलीला पाठवूनसुद्धा मोकळा झालो होतो. सहाव्या निशाणाला वळसा घातला. पुढे दहा-बारा पावलांचा सपाट बर्फ, आणि रेषा.

त्या सपाटीवर ते पडले.

मी धावलो. ते बर्फात बसून मोठ्याने हसत होते, मिशीला बर्फ लागलेला. "काय रे, काय झाला? पास काय नापास? खरा सांग. तोंड बघून सांगू नको."

नियम माझाच होता. "नापास," मी म्हणालो.

"बघ!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे तेव्हाव नापासच झालो असतंय. तू उगीच इतकी वर्सां जागरणां केलंस. खलास. चल, माका बस गावूक व्हयी." ते उठले, जाकिटाची घडी घालून माझ्या हातात दिली, आणि रास अल खैमाच्या बसमध्ये खिडकीपाशी जाऊन बसले. या वेळी मी बस सुटेपर्यंत थांबलो. काचेतून ते मला हाताने सांगत होते, जा, ऊन लागेल. त्यानंतर आमची भेट झाली नाही. दोन वर्षांनी ते गावी गेले आणि तिकडेच वारले.

मी आजवर काही हजार माणसं पडताना पाहिली आहेत. पडणारा माणूस हात फेकतो, काठ्या कुठेही उडतात, पाय एकमेकांत अडकतात. घाडीकाकांनी रेषेच्या अलीकडे वेग कमी केला. दोन्ही काठ्या एका हातात घेतल्या आणि कोणाला लागू नयेत म्हणून बाजूला, बर्फावर, नीट एकीशेजारी एक ठेवल्या. मग ते पडले.